दुरुस्तीनंतरही उरलेले दुखणे

गॅरेजमधून परत आलेली मोटार पहिले दोन दिवस निमूट चालते, तिसऱ्या दिवशी पूर्वीप्रमाणेच थरथरू लागते, आणि मालक बिलाचा कागद हातात धरून पुन्हा मिस्त्रीच्या दारात उभा राहतो. हा प्रसंग मुंबईत घडतो तसाच कानपुरात घडतो, कोइमतुरातही घडतो. मिस्त्री म्हणतो, काम चोख झाले होते, हे दुखणे नवे आहे. मालकाला वाटते, आपण फसलो. पुष्कळदा या दोघांपैकी कोणीच खोटे बोलत नसतो. मूळ दोष मात्र दोघांच्याही नजरेतून सुटलेला असतो. ज्याला गाडीची केवळ हौस आहे त्याची यात चार दिवस गैरसोय होते. पण जो टॅक्सी किंवा मालाचा टेंपो चालवून संसार करतो, त्याचा गॅरेजात गेलेला प्रत्येक दिवस कमाईतून वजा होतो आणि कर्जाचा हप्ता त्यासाठी थांबत नाही.

इंजिनाला रोग्याची उपमा देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती एका बाबतीत दिशाभूल करणारी आहे. शरीर पुष्कळशा व्याधी स्वतःच्या बळावर निस्तरते. लोखंडाला ती सोय नाही. इंजिनाची तक्रार आपोआप नाहीशी झाली, तर दोष गेला असे समजू नये. उष्णता, भार, हवेतील दमटपणा, यांपैकी काहीतरी बदलले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून गाडीला काय होते याच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ते केव्हा होते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना, की तासभर चालल्यावर? उभी असताना, की चढावर? हे टिपून ठेवणारा मालक मिस्त्रीचे अर्धे काम आधीच करून ठेवतो.

पेट्रोलचे इंजिन चालावयास मोजक्याच गोष्टी लागतात. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी, जिला मिस्त्री लोक ‘करंट’ म्हणतात. यांतील काय उणे पडते ते शोधण्यासाठी प्रथमच हत्यार उचलण्याचे कारण नाही. समजा, सिग्नलपाशी उभी असताना गाडी डळमळते, पण वेग घेतला की सुरळीत होते. अशा वेळी बाहेरची हवा चोरवाटेने आत शिरत असण्याचा संभव मोठा. इंजिन मंद फिरत असते तेव्हा कार्बुरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते, आतील नळीत निर्वाताची ओढ प्रबळ असते आणि इंजिन घेत असलेली एकूण हवा थोडी असते. त्या थोड्या हवेत फटीतून आलेली भर लक्षणीय ठरते. झडप उघडली की हवेच्या लोंढ्यात तीच भर कोठल्या कोठे हरवून जाते.

याच्या उलट, सपाट रस्त्यावर बरी चालणारी गाडी चढावर भार पडताच ‘मिसिंग’ मारू लागली, तर ठिणगीकडे पाहावे. भारासरशी सिलिंडरात अधिक मिश्रण भरले जाते, ते दाबले गेल्यावर अधिक दाट होते, आणि दाट वायूतून ठिणगी उडविण्यास अधिक विद्युत्‌दाब लागतो. दुबळी कॉइल किंवा तडा गेलेली प्लगची वायर नेमकी तेथे उघडी पडते. वीज प्लगच्या टोकाशी न उडता सोपी वाट शोधून बाहेरच निसटते. रात्रीच्या अंधारात बॉनेट उघडून पाहिल्यास कधी कधी ती निसटताना दिसतेही. पेट्रोल अपुरे पोचत असेल, तर ती उणीव लांबच्या, सलग वेगाच्या धावेत जाणवते. हे भेद अढळ नियम नव्हेत. पण शोध कोठून आरंभावा, हे ते सांगतात.

आता एक उदाहरण घेऊ. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत बाहेर पडत असलेली अँबॅसडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी, या दोन गाड्यांवर देशातील मिस्त्र्यांच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. पद्मिनी तर मुंबईच्या टॅक्सीधंद्यातून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अशाच पठडीतील एखादी कार्बुरेटरची गाडी खोपोलीहून बोरघाट चढताना तापली आणि पाणी उकळून बाहेर पडले, असे समजू. गॅरेजमध्ये इंजिन उघडले, हेड गॅस्केट जळालेले आढळले, नवे घातले, गाडी सुरू झाली. आठवड्याने सकाळी सुरू करताना इंजिन काही क्षण थरथरू लागले व मग नीट चालू लागले. मागून पांढरी वाफ दिसे आणि रेडिएटरमधील पाणी दर दोन दिवसांनी थोडे थोडे घटे. गॅरेजने प्लग बदलले, मग कार्बुरेटर साफ केला, मग टायमिंग पाहिले. दर वेळी किंचित बरे वाटले. मालकाचा खर्च मूळ बिलाच्या पुढे गेला.

येथे लक्षणाची वेळच बोलकी आहे. गाडी बंद केल्यावरही तापलेल्या पाण्यावरील दाब काही वेळ टिकून असतो. हेड व ब्लॉक यांच्यामध्ये केसाएवढी वाट असली, तरी तेवढ्या वेळात थोडे पाणी सिलिंडरात उतरते. सकाळी तो सिलिंडर पेट घेत नाही. पाणी वाफ होऊन निघून गेले की चौघे पुन्हा एकदिलाने चालतात. प्लग बदलल्याने बरे वाटले, ते नवा प्लग ओलसरपणा थोडा अधिक सोसतो म्हणून. असला अर्धामुर्धा गुण मोठा घातक असतो, कारण तो माणसाला चुकीच्याच वाटेवर आणखी एक पाऊल पुढे नेतो.

तर्काला मापाची जोड हवी. सर्व प्लग काढून, ठिणगीची वायर सोडवून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा व आकडे कागदावर लिहावेत. पहिल्या आणि चौथ्यात दर चौरस इंचास १३० पौंड आणि मधल्या दोघांत ९० असा प्रकार दिसला, तर शेजारच्या दोघांमधली भिंत फुटली असा संशय येतो. मग कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. न चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. रेडिएटरच्या तोंडावर धरावयाचे एक निळे रासायनिक द्रावणही मिळते. पाण्यात जळालेला वायू शिरत असेल तर ते पिवळे पडते. ही सारी तपासणी तासाभराची आहे, आणि दोन वेळा बदललेल्या प्लगांहून ती स्वस्त पडते. तरीही ती सहसा होत नाही. मोजण्याची मजुरी द्यावयास गिऱ्हाईक नाखूष असते आणि नव्या भागाची किंमत निमूटपणे देते, हे त्याचे एक कारण असावे.

गॅस्केट नवे असूनही गळते, याचा उलगडा त्याखालच्या पृष्ठभागात आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. बिडाच्या ब्लॉकवर आवळून बसविलेले ॲल्युमिनियमचे हेड फार तापले, म्हणजे मोकळेपणे पसरू न शकल्यामुळे वाकते. हे वाकणे साध्या कागदाच्या जाडीएवढे, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढे असले तरी पुरते. डोळ्यांना ते दिसत नाही. सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून, तिच्याखाली मापाची पातळ पाती सरकवून पाहावे लागते, आणि फट आढळली तर लेथवाल्याकडून हेडचे फेसिंग करून घ्यावे लागते. पहिल्या दुरुस्तीत हीच पायरी गाळली गेली होती. शिवाय गॅस्केट जळाले ते गाडी तापल्यामुळे. मग गाडी तापली का? क्षाराने बुजलेला रेडिएटर, सैल फॅनबेल्ट, किंवा कोणी तरी कधी काळी ‘आपल्या हवेत याची गरज नाही’ म्हणून काढून टाकलेला थर्मोस्टॅट! तुटलेला भाग हा पुष्कळदा दोषाचा परिणाम असतो. तो बदलून दोष तसाच ठेवला, तर पुढचा घाट येईपर्यंतचीच निश्चिंती.

उरलेल्या दुखण्याचा दुसरा एक वर्ग दुरुस्तीच्याच पोटी जन्मतो. म्हणून जेथे शेवटचा हात लागला, तेथून पाहावयास सुरुवात करावी. चार सिलिंडरांच्या बहुतेक इंजिनांत पेट घेण्याचा क्रम १-३-४-२ असतो. हेड बसविताना दोन वायरी आपसांत बदलल्या, तर इंजिन फटफटत चालते आणि दोष भलत्यालाच लागतो. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी अर्थिंगची पट्टी जोडावयाची राहते. निर्वाताची रबरी नळी निसटलेली राहते. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळावयाचे असतात. घाईत ते कडेने आवळले जातात. हवा कोठे शिरते ते पाहण्यासाठी काही जण सांध्यांवर पेट्रोल शिंपडतात. ही रीत आगीला आमंत्रण देणारी आहे. साबणाचे पाणी पुरते.

नव्या गाड्यांत कार्बुरेटर गेला, कॉम्प्युटर आला. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि इंजिनावर सेन्सरांची नजर अधिकच कडक झाली. पिवळा दिवा लागतो, यंत्र जोडले की संकेतांक दिसतो, आणि अनेकांना वाटते की निदान झाले. वस्तुतः संकेतांक फक्त तक्रार नोंदवितो. पी ०१७१ या अंकाचा अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आढळली. कारण फाटकी नळी असेल, अशक्त पंप असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. ही बातमी देणारा ऑक्सिजन सेन्सरच बदलला, तर निरोप्याला शिक्षा झाली. संकेतांक पुसला गेल्यामुळे दिवा विझतो आणि काही दिवसांनी पुन्हा लागतो. येथेही जुनाच प्रश्न उपयोगी पडतो. कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवितो याचा आकडा यंत्रावर वाचता येतो. तो आकडा मंद गतीत मोठा आणि वेगात सामान्य असेल, तर हवा चोरवाटेने येते. भाराबरोबर वाढत असेल, तर पेट्रोल कमी पोचते. बॅटरी सोडविल्यानंतर हे यंत्र काही काळ नव्याने शिकत असते, त्यामुळे दुरुस्तीचा निवाडा पहिल्याच फेरीवर करू नये.

मालकाच्या बाजूने काही गोष्टी कराव्या लागतात. एका वेळी एकच बदल व्हावा असा आग्रह धरणे, काढलेले जुने भाग मागून घेणे, तारीख व किलोमीटर लिहिलेले बिल जपणे. वाद विकोपास गेलाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष सेवेची तक्रार जिल्हा आयोगापुढे नेता येते, आणि तेथे हेच कागद कामास येतात. परंतु मिस्त्री समंजस असेल तर त्याहून साधा उपाय आहे. थंड इंजिनाची तक्रार असेल, तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात ठेवावी आणि सकाळी ती त्याच्याच हातून, त्याच्यादेखत सुरू व्हावी. चढावर अडत असेल, तर त्याला शेजारी बसवून चढावर न्यावे. वरच्या उदाहरणातील गाडीचे हेड फेसिंग करून, रेडिएटर साफ करून आणि थर्मोस्टॅट बसवून झाल्यावरही काम संपत नाही. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी, ती सलग पंधरा दिवस रोज सकाळी वहीत लिहावी, आणि मगच घाटाचा रस्ता धरावा.