बत्तीस बाइटांची जोखीम

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या दरम्यान वसलेल्या शेलू गावी आज जो कोणी जमिनीचा तुकडा अगर घर घेऊ पाहतो, त्याला सातबाऱ्याचा उतारा पाहण्यासाठी पूर्वीप्रमाणे तलाठ्याच्या सजेत दिवस मोडून बसावे लागत नाही. राज्य शासनाने १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा उपलब्ध करून दिला, आणि आता नाममात्र शुल्क भरून तो घरबसल्या उतरवून घेता येतो. आणि २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे, त्यावर शाईची सही नसली तरी, डिजिटल सहीला कायद्याचे पाठबळ आहे.

जुन्या राजवटीत आज्ञापत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब उठविण्याची जी रीत होती, तिच्यामागचा एक हेतू असा की अखेरच्या ओळीखाली कोणी एक अक्षरही नव्याने वाढवू नये. परंतु मधल्या एखाद्या आकड्यात कोणी खाडाखोड केली, तर तिची वार्ता मोर्तबाला नसे. डिजिटल सही मजकुराच्या अक्षराअक्षराशी जखडलेली असते. एक स्वल्पविराम हलला तरी ती खोटी ठरते. ही सही करणारी गुप्त संख्या म्हणजे प्रायव्हेट की, आणि ती सही पारखण्यासाठी जगाला मोकळ्या मनाने देऊन टाकावयाची तिची जोडीदार म्हणजे पब्लिक की. पहिलीवरून दुसरी क्षणार्धात निघावी, पण दुसरीवरून पहिली कोणालाही काढता येऊ नये, या एका अटीवर हा सारा व्यवहार उभा आहे.

ही अट पुरी करण्याचा एक अत्यंत सुंदर मार्ग १९८५ साली नील कॉब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर या दोन अमेरिकन गणितज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचविला. ज्या वक्रावरील प्रत्येक बिंदूच्या बाबतीत य या राशीचा वर्ग हा क्ष या राशीचा घन, अधिक क्षची एक ठराविक पट, अधिक एक ठराविक संख्या यांच्या बेरजेइतका भरतो, तो इलिप्टिक कर्व्ह. त्यावरील दोन बिंदूंतून सरळ रेषा काढली की ती सामान्यतः वक्राला आणखी एका ठिकाणी छेदते, आणि त्या छेदबिंदूचे क्ष-अक्षापलीकडील प्रतिबिंब ही त्या दोन बिंदूंची बेरीज मानली जाते.

दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे उत्तर जन्मास घालण्याची कल्पना आपल्या गणितपरंपरेला अपरिचित नव्हती, हे मला येथे आवर्जून सांगावेसे वाटते. एखाद्या संख्येने गुणिलेल्या वर्गात एक मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशा समीकरणाच्या दोन उत्तरांपासून तिसरे काढण्याची 'भावना' नामक रीत ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिली; आणि तिच्या आधाराने चक्रवाल पद्धतीने भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ६१ या गुणकाचे सर्वांत लहान उत्तर काढले, ते २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ असे आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे, आणि तो विद्वानांच्या नजरेस आणण्याचे श्रेय डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. भास्कराचार्यांपुढचा वक्र निराळा होता आणि गुप्ततेचा प्रश्न त्यांच्या मनातही नसावा. तरीही उत्तरांची बेरीज करता येते, या विचाराचे जे सौंदर्य आहे ते दोन्हीकडे एकच आहे.

संगणकावर हा वक्र मर्यादित संख्यांच्या विश्वात मांडतात. घड्याळात दहानंतर पाच तासांनी जसे तीन वाजतात, तशी प्रत्येक बेरीज एका प्रचंड अविभाज्य संख्येपाशी पोचली की पुन्हा आरंभाकडे वळते. सर्वांस ठाऊक असलेला एक बिंदू घेऊन तो स्वतःतच गुप्त संख्येइतक्या वेळा मिळविला की येणारा बिंदू ही पब्लिक की होय. गुप्त संख्या २५६ बिटांची असली, तरी दुपटीवर दुपटी करीत गेल्याने हे काम काहीशे पायऱ्यांत उरकते. उलट दिशेने जाणाऱ्याला मात्र, आजच्या ज्ञात रीतींनी, सुमारे दोनचा १२८ वा घात, म्हणजे ३४० या आकड्यापुढे ३६ शून्ये, इतक्या पायऱ्या चढाव्या लागतील. तेवढीच भक्कमता आरएसए या जुन्या पद्धतीत मिळवावयाची तर ३,०७२ बिट लागतात. येथे मात्र अवघी जोखीम बत्तीस बाइटांत मावते.

गणित इतके भक्कम असताना चोरी होते ती किल्ली सांभाळण्यातील हयगयीमुळे, आणि म्हणूनच किल्लीचे जन्मापासून अखेरपर्यंतचे सारे व्यवहार कमांड लाइनवर स्वतःच्या हाताने करावयास शिकावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शेलूहून सकाळची लोकल पकडून ठाणे-ऐरोलीकडे संगणकाच्या नोकरीस जाणाऱ्या तरुणाला दूरच्या सर्व्हरवर एसएसएच पद्धतीने प्रवेश करण्यास लागणारी की घडविण्यासाठी 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा द्यावी लागते. ओपनएसएसएचच्या ऑक्टोबर २०२३ मधील ९.५ या आवृत्तीपासून, काहीही न सांगता, ती एड२५५१९ या वक्रकुळातील जोडी निर्माण करते. दोन फायली तयार होतात. जिच्या नावाअखेर 'पब' असते ती सर्व्हरवरील 'ऑथोराइज्ड कीज' या यादीत एका ओळीने नोंदवावयाची, आणि दुसरी आपल्या यंत्राबाहेर उघड्याने कधीही जाऊ द्यावयाची नाही, मग समोरचा सहकारी व्हॉट्सॲपवर कितीही निकडीने मागो. ती फाइल यंत्रावरील इतरांस वाचता येण्याजोगी ठेवली, तर एसएसएच ती वापरण्यासच नकार देते. परवानगी ६०० केली, म्हणजे केवळ मालकास वाचण्या-लिहिण्याची मुभा राहिली, की काम सुरळीत चालते.

सही, प्रमाणपत्र इत्यादी कामांसाठी 'ओपनएसएसएल' आहे, आणि त्यातील एक गोष्ट नवशिक्यास सहसा कोणी सांगत नाही. त्यातील 'जेनपीकी' या आज्ञेस पी-२५६ हा वक्र सांगितला, पण कुलूपबंद करण्याची पद्धत स्पष्टपणे सांगितली नाही, तर ती प्रायव्हेट की उघडीच लिहून ठेवते. एईएस-२५६ सांगावे, आणि पासफ्रेज विचारील तेव्हाच टंकावा. तो आज्ञेच्या ओळीतच लिहिला तर शेलच्या इतिहासात त्याची नोंद राहते, आणि आज्ञा चालू असेतोवर त्याच यंत्रावरील दुसऱ्या माणसास तो दिसूही शकतो. पुढे 'डीजीएसटी' या आज्ञेने एखाद्या दस्तऐवजावर सही करून पब्लिक कीने ती पारखली की पडद्यावर 'व्हेरिफाइड ओके' उमटते. मग त्या दस्तऐवजातील एक आकडा बदलून पुन्हा पारखून पाहावे. सहीचा अर्थ ह्या एका प्रयोगाने जितका मनात ठसतो तितका व्याख्यानांनी ठसत नाही.

पी-२५६ च्या पारंपरिक सहीत दर वेळी एक नवी यदृच्छ संख्या लागते. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्राच्या सहीत ती दर वेळी तीच वापरली गेल्यामुळे कंपनीची प्रायव्हेट की साध्या बीजगणिताने काढता येते, असे २०१० च्या डिसेंबरात बर्लिन येथील एका परिषदेत दाखवून देण्यात आले. एड२५५१९ मध्ये ती संख्या मजकूर आणि गुप्त की यांवरूनच काढली जाते, त्यामुळे तो धोका मुळातच टळतो.

राहता राहिली जतनाची आणि निवृत्तीची गोष्ट. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. ह्याच खोऱ्यात राहणाऱ्याने, पाणी शिरले तर एकुलत्या एका लॅपटॉपबरोबर आपली कीही जाईल, हे धरूनच चालावे. प्रमाणपत्राच्या कीची पासफ्रेजने बंद केलेली एक प्रत पेनड्राइव्हवर घालून, पुराचे पाणी पोचणार नाही अशा दुसऱ्या गावच्या आप्ताकडे ठेवावी. एसएसएचची की मात्र प्रत्येक यंत्रासाठी निराळी काढावी, म्हणजे एखादे यंत्र हरवले असता सर्व्हरच्या यादीतील तेवढी एक ओळ खोडून भागते. नोकरी सोडून गेलेल्यांच्या ओळी त्या यादीत वर्षानुवर्षे तशाच पडून राहतात, ही ह्या क्षेत्रातील फार मोठी आणि निष्कारण पत्करलेली जोखीम आहे. पीटर शोर यांनी १९९४ साली दाखविल्याप्रमाणे पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर हे वक्र मोडतील, म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली. अर्थात आजची प्रत्येक की कधी ना कधी बदलावी लागणारच. 'एसएसएच-कीजेन'ला 'हायफन कॅपिटल सी' असे सांगून कीच्या अखेरीस टीप जोडता येते. तीत यंत्राचे नाव आणि वर्ष लिहावे, म्हणजे यादी साफ करावयास बसलेल्या माणसाला कोणती ओळ कोणाची, कधीची आणि आता खोडण्याजोगी आहे की नाही, हे कोणास न विचारता कळते.