बोर्ड मेला की झोपला?

तयार 'आर्डुइनो ऊनो' बोर्डवर प्रकल्प उत्तम चालतो. मग विद्यार्थ्यांना वाटते, लागतील तेवढेच भाग घेऊन आपला छोटा बोर्ड करू. तांब्याचा पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात कोरला जातो, भाग सोल्डर होतात, वीज जोडली जाते आणि काहीच घडत नाही. 'चिप जळली' असा निकाल लागतो. नवी चिप आणावी तर तीही गप्प! आमच्या मते हा निकाल फार घाईचा असतो. तयार बोर्ड मुख्य चिपसाठी बरीच कामे मुकाट्याने करत असतो. ती आता आपल्याला करायची आहेत, एवढाच बहुतेक वेळा याचा अर्थ.

ऊनोवरील चिप म्हणजे २८ पायांची एटीमेगा३२८पी. खाच वर धरली की डावीकडे सर्वांत वरचा पाय पहिला. तेथून खाली आणि मग उजवीकडून वर मोजत जायचे. मल्टिमीटरने ७ आणि ८ या पायांमध्ये ५ व्होल्ट दिसतात का, ते पाहावे. २० आणि २२ मध्येही तेवढेच दिसायला हवेत. ही दुसरी जोडी हमखास विसरली जाते. मीटरची टोके तांब्याच्या पट्टीवर नव्हे, चिपच्या पायांवरच टेकवावीत. कच्चे सोल्डर त्यामुळेच सापडते.

दोन्ही जोड्यांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर हवा. चिपला वीज क्षणाक्षणाला घोटाघोटाने लागते. दूरच्या हौदावरून प्रत्येक घोट आणण्यापेक्षा शेजारी माठ असलेला बरा, तसे हे. हे क्षणिक चढउतार मल्टिमीटर दाखवत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पाय क्रमांक १ रीसेटचा. तेथे ५ व्होल्ट हवेत, म्हणून तो १० किलोओहमच्या रोधातून धन बाजूला जोडतात. तेथे शून्य दिसले, तर चिप जिवंत असूनही थांबवून धरलेली आहे. चार पायांच्या बटणाचे पाय आतून दोन-दोन जोडलेले असतात. बटण काटकोनात फिरवून बसवले, की ते कायमचे दाबलेले राहते!

खरी गंमत मात्र घड्याळाची आहे. चिपने कोणत्या ठोक्यांवर चालायचे, हे तिच्यातील 'फ्यूज' नावाच्या नोंदी ठरवतात. वीज गेली तरी त्या पुसल्या जात नाहीत. ऊनोमधून काढलेली चिप बाहेरून येणाऱ्या १६ मेगाहर्ट्झच्या ठोक्यांची वाट पाहते. नव्या बोर्डवर स्फटिक नसेल, तर ती ढिम्म हलत नाही, प्रोग्रॅमरलाही उत्तर देत नाही. ९ आणि १० या पायांमध्ये १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक आणि प्रत्येक पायापासून ऋण बाजूला २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडला, की ती बोलू लागते.

कारखान्यातून आलेल्या कोऱ्या चिपची गोष्ट उलट. तिचे स्वतःचे ८ मेगाहर्ट्झचे घड्याळ असते आणि ८ ने भागून ती १ मेगाहर्ट्झवर चालते. शेजारी स्फटिक बसवला तरी फ्यूज बदलेपर्यंत ती त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आता आपला प्रोग्रॅम १६ मेगाहर्ट्झ गृहीत धरून केलेला. मग एक सेकंद लुकलुकणारा दिवा १६ सेकंद पेटलेला आणि १६ सेकंद विझलेला राहतो. इतका वेळ थांबतो कोण? म्हणून हातात घड्याळ घेऊन निदान मिनिटभर दिव्याकडे पाहत बसावे. याच कारणाने ९६०० बॉडचा संदेश ६०० बॉडने निघतो आणि संगणकावर भलतीच अक्षरे उमटतात.

कोऱ्या चिपमध्ये बूटलोडरही नसतो. त्यामुळे नेहमीच्या सिरियल जोडणीतून ती प्रोग्रॅम घेत नाही. दुसरा ऊनो प्रोग्रॅमर म्हणून वापरून बूटलोडर आणि फ्यूज दोन्ही एकदाच भरता येतात.

आणखी एक. चिप थेट सोल्डर करू नये, २८ पायांचा सॉकेट लावावा. मग संशयित चिप, वीज बंद करून, पुन्हा ऊनोवर बसवता येते. तेथे दिवा लुकलुकला, तर दोष चिपचा नाही. शोध आपल्या बोर्डवर घ्यायचा.