डेर, डी, डास : जर्मन शब्दांचं लिंग कसं लक्षात ठेवावं?

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि जर्मनचा प्रश्न आपल्या गोंदियापर्यंत आला. तिथे परिचारिका म्हणून मान्यता हवी, तर भाषेची परीक्षा द्यावीच लागते. आणि पहिली ठेच लागते ती लिंगाशी. पुल्लिंगाला 'डेर', स्त्रीलिंगाला 'डी', नपुंसकलिंगाला 'डास'.

पण हे आपल्याला नवं आहे का? घरी हिंदी बोलणारी आपल्याकडची मुलं 'पानी आया' म्हणत मोठी होतात आणि शाळेत 'पाणी आलं' शिकतात. म्हणजे तिसरं लिंग त्यांनी एकदा कमावलेलंच असतं.

मात्र लिंग वस्तूला नसतं, शब्दाला असतं. सूर्य आपल्याकडे 'तो', जर्मनमध्ये 'डी झोने', स्त्रीलिंगी. म्हणून अर्थावरून अंदाज बांधू नये. आधी शब्दाचं शेपूट पाहावं. आपली '-ता' कायम स्त्रीलिंगी : स्वतंत्रता, सुंदरता. तसेच तिकडचे '-हाइट', '-काइट', '-उंग'. स्वातंत्र्य म्हणजे 'डी फ्रायहाइट'. आपलं लेकरू, कोकरू, वासरू 'ते' असतं ना? तिकडे लहानपण दाखवणारा '-शेन' प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी. म्हणूनच मुलगी, 'मेट्शेन', तीसुद्धा 'डास'!

जोडशब्दात शेवटचा शब्द लिंग ठरवतो. देव 'तो', पण देवघर 'ते'. तसंच 'डेर राइस' म्हणजे तांदूळ, 'डास फेल्ट' म्हणजे शेत. धानाचं शेत झालं 'डास राइसफेल्ट'.

जिथे शेपूट काही सांगत नाही, तिथे चित्र उपयोगी पडतं. डेरसाठी पाण्याचा डेरा, डीसाठी दिवा, डाससाठी आपला चावणारा डास. चमचा 'डेर ल्योफेल' : तो डेऱ्यात बुडालेला. काटा 'डी गाबेल' : तो दिव्यावर तापतोय. सुरी 'डास मेसर' : तिच्या पात्यावर डास बसलाय. चित्र जितकं विचित्र, तितकं ते टिकतं.

शेवटी, चित्र ही कुबडी आहे; चालायला लागलो की ती सुटली पाहिजे. 'पुस्तक नपुंसकलिंगी' असं आपण कधी घोकलं नव्हतं, 'नवं पुस्तक' असं ऐकलं होतं. तसंच 'आइन नॉयेस बूख' हे अख्खं, मोठ्याने म्हणावं. रोज पाच शब्द पुरेत. पण दुसऱ्या दिवशी कालचे पाच आधी आठवावेत, वही मग उघडावी.