आंग्राचा पहारेकरी : मोंते ब्राझील

अटलांटिक महासागरातील अझोर्स द्वीपसमूहात तेर्सेरा हे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील आंग्रा शहराला लागूनच मोंते ब्राझील हे भूशिर समुद्रात घुसले आहे. सुमारे २०० मीटर उंचीचा हा डोंगर ज्वालामुखीने घडवला. उथळ समुद्रात तप्त शिलारस पाण्याला भिडताच स्फोट झाले. त्यांतून उडालेली राख साचून व घट्ट होऊन हा शंकू उभा राहिला. एका चिंचोळ्या भूपट्टीने तो बेटाला जोडलेला आहे.

डोंगराच्या आडोशामुळे पश्चिमेच्या वाऱ्यांपासून बंदराचे रक्षण होई. गोव्याहून मसाल्याचे पदार्थ घेऊन लिस्बनला परतणारी जहाजे सोळाव्या शतकात येथेच पाणी व शिधा भरून घेत. साहजिकच चाच्यांची नजर या बंदरावर असे.

स्पेनने १५८३ मध्ये तेर्सेरा जिंकले. पुढे दुसऱ्या फिलिपच्या कारकिर्दीत, १५९० च्या दशकात, भूपट्टीवर भव्य किल्ल्याचे काम सुरू झाले. बंदराच्या रक्षणासाठी बांधलेल्या या किल्ल्याचा सर्वांत भक्कम तट मात्र शहराच्या दिशेने होता. शत्रूइतकाच अविश्वास प्रजेवरही होता!

तो अनाठायी नव्हता. १६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनचे जोखड झुगारले आणि १६४१ मध्ये आंग्रावासीयांनी किल्ल्यालाच वेढा घातला. सुमारे वर्षभराने, मार्च १६४२ मध्ये, स्पॅनिश शिबंदी शरण आली. तटबंदी अभेद्य होती. पण शहर विरोधात गेल्यावर रसद कोठून येणार?

आंग्राचा हा ऐतिहासिक परिसर १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.