सव्वातीन मीटरांचा खेळ

ताशी ५६५ किलोमीटर. आंध्रातल्या अमलापुरमच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका या गावी मारलेल्या स्मॅशचा हा वेग आहे, आणि गिनेस बुकात त्याची नोंद आहे. शोएब अख्तरचा २००३च्या विश्वचषकातला तो प्रसिद्ध चेंडू १६१.३ किलोमीटरचा होता. जपानची बुलेट ट्रेन धावते ३२०ने. आणि इथे चहाच्या चमचाभर साखरेइतक्या वजनाचं बॅडमिंटनचं फूल त्या दोघांनाही केव्हाच मागे टाकून गेलेलं.

आकडा खरा आहे, पण मला तो जरा जाहिरातीसारखा वाटतो. एक तर तो सामन्यातला नाही. रॅकेट बनवणाऱ्या कंपनीच्या व्यायामशाळेत मोजमापाची यंत्रं लावून मारलेला तो फटका होता. सामन्यात मॅड्स पीलर कोल्डिंग या डेन्मार्कच्या खेळाडूचा ४२६चा स्मॅश नोंदला गेला, तोही भारतातल्या लीगमध्ये, जानेवारी २०१७ मध्ये. दुसरं असं की ५६५ हा वेग फूल रॅकेटवरून सुटतानाचा. त्यानंतर जे होतं ते त्याहून चक्रावणारं आहे.

नियमाप्रमाणे फुलाचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, पिसं १६. ते कितीही उंचावरून सोडा, पडताना त्याचा वेग सेकंदाला ६.८ मीटरच्या, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वर जात नाही. तेवढ्यातच हवेचा अडथळा त्याच्या वजनाची बरोबरी करतो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. हा हिशेब ५६५ पर्यंत नेला तर हवा फुलाला त्याच्या वजनाच्या पाचशेहून अधिक पट जोराने मागे ढकलते. पाच ग्रॅमच्या वस्तूवर अडीच किलोचा भार! इतक्या वेगात पिसांचा घेर आत दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा भार थोडा कमी भरत असेल. पण या हिशेबातून निघणारा नियम असा, की दर सव्वातीन मीटरला फुलाचा वेग निम्मा होतो. मग तो ५६५ असो की १००. कोर्टाची लांबी १३.४० मीटर. एका टोकाहून ५६५ने सुटलेलं फूल जाळीपाशी येईतो १४०च्या घरात येतं आणि दुसरं टोक गाठताना जेमतेम ३३ उरतात. कोर्ट संपायच्या आत बुलेट ट्रेनची सायकल झालेली असते.

म्हणून तर समोरच्याला ते उचलता येतं. दहा मीटर अंतर कापायला या फुलाला सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो, आणि माणसाचे डोळे-हात हलायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. ते वाटेत मंदावलं नसतं, तर हेच अंतर त्याने सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्यात कापलं असतं. मग रॅली कुठली? सर्व्हिस, स्मॅश आणि टाळ्या, एवढंच उरलं असतं.

बॅडमिंटनवाले १९८५ सालची एक तुलना अजून अभिमानाने सांगतात. त्या वर्षी विम्बल्डनचा अंतिम सामना बोरिस बेकर आणि केव्हिन करन यांच्यात ३ तास १८ मिनिटं चालला. त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात होता १८ मिनिटं, फटके १००४. त्याच वर्षी कॅल्गरीला जागतिक बॅडमिंटनच्या अंतिम सामन्यात हान जियान आणि मॉर्टन फ्रॉस्ट १ तास १६ मिनिटं खेळले. फूल खेळात होतं ३७ मिनिटं, फटके १९७२. निम्म्याहून कमी वेळात जवळजवळ दुप्पट फटके! टेनिसप्रेमींनी रागावू नये, तेव्हाचं विम्बल्डनचं गवत फारच वेगवान होतं.

या चिवटपणाचा कळस २०१६ साली वुहानच्या आशियाई स्पर्धेत झाला. महिला दुहेरीच्या उपांत्य फेरीत जपानच्या फुकुमान-योनाओ आणि इंडोनेशियाच्या पोली-महेश्वरी या जोड्या १६१ मिनिटं भिडल्या. १३-२१, २१-१९, २४-२२. एकूण गुण १२०, म्हणजे विश्रांती धरून एका गुणाला सरासरी ८० सेकंद. उलट १९९६च्या महिलांच्या उबर चषकात कोरियाच्या रा क्युंग-मिनने इंग्लंडच्या ज्युलिया मानला हरवायला फक्त ६ मिनिटं घेतली होती.

मैदानाबाहेरचे आकडेही असेच वाकडे. १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रजांनी या खेळाचे नियम बांधले, १८९९ला लंडनमध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली आणि १९३४ साली नऊ देशांनी मिळून जागतिक संघटना काढली. त्या नऊ देशांत आशियातला एकही नव्हता. भारत आला १९३६ मध्ये. संघटनेचे पहिले अध्यक्ष सर जॉर्ज थॉमस. ऑल इंग्लंडची २१ विजेतेपदं त्यांच्या नावावर, वर दोनदा ब्रिटनचे बुद्धिबळ विजेते. त्यांनी १९३९ला देशोदेशींच्या पुरुष संघांच्या स्पर्धेसाठी चषक देऊ केला, मग महायुद्ध आलं आणि चषकाला दहा वर्षं वाट पाहावी लागली. पहिला थॉमस चषक १९४९ साली इंग्लंडमध्येच झाला. मलायाने डेन्मार्कला ८-१ असं धुतलं आणि चषक आशियात नेला.

आज संघटनेत दोनशेच्या आसपास देश आहेत. २०२४ पर्यंत थॉमस चषक ३३ वेळा खेळला गेला. त्यातले १४ इंडोनेशियाचे, ११ चीनचे, ५ मलेशियाचे. उरलेले तीन जपान, डेन्मार्क आणि भारत यांना एकेक. बस, सहा देश. डेन्मार्कने तर अंतिम फेरीत आठ वेळा हार खाल्ली, तेव्हा कुठे २०१६ साली, पहिल्या अंतिम सामन्यानंतर ६७ वर्षांनी, हा चषक आशियाबाहेर गेला.

भारताची पाळी आली १५ मे २०२२ला, बँकॉकमध्ये, इंडोनेशियाविरुद्ध. निकाल ३-० असा एकतर्फी छापून आला. पण गुण मोजून पाहा. लक्ष्य सेनने गिंटिंगला ८-२१, २१-१७, २१-१६ हरवलं. मग सात्त्विक आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी पहिला गेम गमावून, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवून १८-२१, २३-२१, २१-१९ अशी बाजी मारली. इथवर भारत २-० पुढे, पण गुणांची बेरीज भारताची ११२ आणि इंडोनेशियाची ११५. हरणाऱ्यांचे तीन गुण जास्त! श्रीकांतने ख्रिस्तीला २१-१५, २३-२१ नमवलं आणि अखेरची बेरीज झाली १५६ विरुद्ध १५१. चौदा वेळच्या विजेत्यांना ३-० हरवताना भारताने त्यांच्यापेक्षा फक्त पाच गुण जास्त मिळवले होते.