महाग पेट्रोल आणि मोठ्या मोटारींचा मोह

पेट्रोल महागले की लोक मोटारीतून फिरणे सोडून देतील, असा एक सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव निराळा आहे. कचेरी दूर असते, शाळा दूर असते. त्यामुळे प्रवास फारसा घटत नाही. नाहीसे होते ते मोठ्या मोटारींचे गिऱ्हाईक.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेची तेलकोंडी केली. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांतच बारा डॉलरांच्या घरात गेला. डेट्रॉइटच्या लांबरुंद गाड्या पडून राहिल्या आणि जपानी छोट्या मोटारी खपू लागल्या. १९७५ साली मोटारींच्या सरासरी मायलेजविषयी कायदा झाला. पण हलक्या ट्रकांना त्यात सौम्य मोजपट्टी मिळाली. १९८६ साली तेल स्वस्त झाले. पुढे याच पळवाटेतून ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली एसयूव्ही घरोघर पोचली. तिच्यावर नफा भरपूर, म्हणून कारखानदारांनी आपले सारे भवितव्य तिच्यावरच पणाला लावले.

२००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरांवर गेले, तेव्हा जनरल मोटर्सने ट्रक व एसयूव्हीचे चार कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. त्यांतील जेन्सव्हिलच्या कारखान्यातून त्याच डिसेंबरात शेवटची एसयूव्ही बाहेर पडली. वित्तीय अरिष्टाचीही भर पडली आणि १ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

गाडीमालकाचा हिशोब साधा आहे. वर्षाला बारा हजार मैल प्रवास धरला, तर गॅलनला पंधरा मैल जाणाऱ्या गाडीस आठशे गॅलन लागतात. तीस मैल जाणारीस चारशे. भाव दोनाचा चार डॉलर झाला की पहिल्याचा खर्च सोळाशे डॉलरांनी वाढतो, दुसऱ्याचा आठशेंनी. पहिल्याने गाडी विकायची म्हटले, तर त्याच वेळी सगळेच विकावयास निघालेले असतात. गाडीची किंमत घसरते, कर्जाचे हप्ते मात्र तेवढेच राहतात. श्रीमंतास हा फटका सोसवतो; जुनी पिकअप घेऊन कामावर जाणाऱ्या सुताराला तो सोसवत नाही.

दोष केवळ दरवाढीचा नव्हे, तिच्या आकस्मिकतेचा आहे. करवाढ हळूहळू आणि आगाऊ सांगून झाली, तर कारखानदार यंत्रे बदलू शकतो, ग्राहक पुढची गाडी विचाराने घेऊ शकतो. परंतु अमेरिकेचा संघीय पेट्रोल-कर १९९३ पासून तीस वर्षे उलटली तरी गॅलनमागे १८.४ सेंटच राहिला. जो कर सरकारने टप्प्याटप्प्याने घेतला नाही, तो बाजाराने एकदम वसूल केला. आणि त्याची मोठी किंमत नोकरी गमावलेल्या कामगारांनी मोजली. स्वस्त तेलाच्या दिवसांत दूरदृष्टी दाखविणे कोणत्याच सरकारला लोकप्रिय करीत नाही. पण तिची खरी गरज त्याच दिवसांत असते.