गादी जाड, स्वारी अवघड

सायकलिंगच्या पॅडेड शॉर्ट्स घेताना बहुतेकांचा अंगठा आधी पॅडवर दाबला जातो. जाड लागला की माणूस खूश. सीटवर दोन तास बसल्यावर हा हिशेब चुकतो, आणि तो का चुकतो हे एकदा कळलं की खरेदी सोपी होते.

रविवारी पहाटे कात्रज किंवा खंबाटकीकडे निघालेला सायकलवाल्यांचा घोळका पाहा. पहिला तासभर सगळे नीट बसलेले असतात. मग एकेक जण पेडलवर उभा राहू लागतो, तेही सपाट रस्त्यावर. कुणी डाव्या कुशीला सरकतो, कुणी उतार लागला की बूड उचलून धरतो. पायांत ताकद असते, छातीत दम असतो, फक्त बसवत नाही.

हौशी सायकलस्वारांचे पल्ले गेल्या काही वर्षांत चांगलेच वाढले आहेत. पुणे, मुंबई, नाशिककडची मंडळी ज्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड करतात, त्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि ६०० किलोमीटरला ४० तास. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला ४,८०० वेळा मांडी सीटच्या कडेवरून वरखाली होते. दहा तासांत ४८ हजार वेळा. एरवी जाणवणारही नाही अशी एखादी शिवण तिथे कातडं सोलून काढते.

तक्रार घेऊन दुकानात गेलं की सल्ला ठरलेला असतो: ‘आणखी जाड पॅडवाली घ्या.’ पण पॅडच्या जाडीपेक्षा तो कुठे बसतो आणि बसलेल्या जागी टिकतो का, याला जास्त महत्त्व आहे.

पॅड करतो काय?

सायकलवर बसकणीला तीन गोष्टी छळतात: दाब, घर्षण आणि घाम. पॅड या तिन्हींवर थोडा थोडा इलाज करतो. दाब पसरवतो, कातडीला लागून राहून घर्षण कापडावर घेतो आणि घाम खेचून घेतो. यातलं पहिलं कामच तेवढं सगळ्यांच्या ध्यानात राहतं. युरोपातल्या जुन्या शर्यतपटूंकडे तर फोम नव्हताच. त्यांच्या लोकरी शॉर्ट्सच्या आत शॅमॉय या आल्प्समधल्या शेळीच्या कुळातल्या प्राण्याचं मऊ कातडं शिवलेलं असे. त्यात गादी अशी नव्हतीच. मांडीला शिवण लागू नये, एवढंच त्याचं काम. धुतल्यावर ते वाळून कडक व्हायचं, म्हणून त्याला मलम चोळून मऊ करावं लागे. आज बाजारात मिळणाऱ्या शॅमॉय क्रीमचं मूळ तिथलं.

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्सचा धागा तयार केला. लायक्रा हे त्याचंच बाजारातलं नाव. १९७०च्या दशकात असोस या स्विस कंपनीनं लायक्राच्या सायकलिंग शॉर्ट्स आणल्या आणि लोकर मागे पडली. पुढे कातड्याच्या जागी कृत्रिम कापड आणि फोम आला. या सगळ्यात मोठा फरक केला तो ताणल्या जाणाऱ्या कापडानं, कारण पॅडला अंगाशी धरून ठेवतं ते कापड. कापड सैल असेल तर आतला पॅड कितीही महाग असो, तो सरकणार आणि सरकला की काचणार.

भार दोन हाडांवर

बसताना आपला भार ओटीपोटाच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर यायला हवा. ही हाडं कुठे आहेत ते घरी पाहता येतं. खोक्याचा नळ्यानळ्यांचा पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, पातळ कपड्यात त्यावर बसायचं, टाचा उचलून थोडं पुढे वाकायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. नीट दिसत नसतील तर पेन्सिल आडवी धरून वरून फिरवा, खळगे कोरे राहतील. दोन्हींच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. बहुतेकांचं ते १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. सीटची रुंदी त्याहून साधारण दोन सेंटिमीटर जास्त हवी, आणि पॅडमधला घट्ट फोम बरोबर या दोन जागांखाली यायला हवा.

इथे जाडीचा भ्रम उघडा पडतो. जाड पण मऊ फोम दुकानात अंगठ्याखाली छान वाटतो. सीटवर मात्र जुन्या कापसाच्या गादीसारखं होतं: हाडांखालचा भाग खोल दबतो आणि मधला वर फुगून नाजूक भागावर चढतो. जिथे दाब नको तिथेच तो जातो. म्हणून जाडीपेक्षा घनता पाहावी. लांब पल्ल्याच्या चांगल्या पॅडमध्ये हाडांखालचा फोम घनमीटरला ८० ते १२० किलोच्या घरातला असतो, बाजूचा त्याहून हलका आणि कडेला जवळजवळ काहीच नाही. आकडा लेबलवर नसेल तर दोन बोटांच्या चिमटीत पॅड दाबा. बोटांना बोटं सहज लागली, तर ती शॉर्ट्स तासाभराच्या फेरफटक्यापुरती. जेलचे पॅड हाताला सुखद लागतात, पण जेलमधून हवा जात नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते लवकरच नकोसे होतात.

ट्रायल रूममध्ये

शॉर्ट्स आधी उलटी करा. पॅडची कड पायरीसारखी उभी संपते की निमुळती होत कापडात मिसळते, हे बोट फिरवून पाहा. शिवणी सपाट आहेत का, दोऱ्यांची टोकं कुठे टोचतायत का, तेही. साच्यात घडवलेला पॅड मुळातच वळलेला असतो, टेबलावर सपाट पडत नाही. कमरेचं माप पँटचं सांगू नका. टेपनं कंबर, नितंब आणि मांडी मोजा आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडा. एकाची ‘एम’ दुसऱ्याची ‘एल’ असते.

दुकानात घालून पाहताना स्वच्छतेसाठी आतले कपडे ठेवावेत, पण आरशासमोर ताठ उभं राहून निवाडा करू नये. उभं असताना चांगली शॉर्ट्स अवघडच वाटते: पुढे थोडी ओढते, मागे पॅड लोंबल्यासारखा वाटतो. ती बेतलेली असते वाकलेल्या अंगासाठी. हँडल धरल्यासारखं वाका. कमरेमागे फट पडली तर मागची उंची कमी आहे. पोटावर इलॅस्टिक रुतलं तर कंबर लहान आहे. जांघेत कापडाची एक जरी चुणी पडत असली तर माप मोठं आहे, ते परत करा, कारण पुढे तिथेच वळ उठणार. दुकानदार परवानगी देत असेल तर मांडलेल्या सायकलवर बसून पाच मिनिटं पेडल मारून पाहा. उतरल्यावर पॅड होता तिथेच असायला हवा.

पोट थोडं सुटलेल्यांना आणि लांब जाणाऱ्यांना खांद्यावर पट्टे असलेल्या बिब शॉर्ट्स मानवतात. कमरेला इलॅस्टिक नसतं, शिवाय पट्टे पॅडला वर ओढून धरतात. अडचण आहे ती लघुशंकेची. बायकांना त्यासाठी जर्सी उतरवावी लागते, आणि हायवेवरच्या ढाब्याचं स्वच्छतागृह त्या सोयीचं नसतं. म्हणून मागून उघडणाऱ्या किंवा पट्टे सुटे होणाऱ्या बिब निघाल्या आहेत. त्या मिळाल्या नाहीत तर रुंद पट्टीच्या कमरेची शॉर्ट्स बरी. बायकांनी पुरुषांची शॉर्ट्स लहान मापात घेऊन भागवू नये. त्यांच्या ओटीपोटाचा सांगाडा सहसा रुंद असतो, म्हणून त्यांचा पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतो. गुडघ्यापर्यंतचं तंग कापड घालून सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडायला संकोच वाटत असेल, तर वर सैल हाफपँट चढवा किंवा पॅड असलेली पूर्ण लांबीची टाइट्स घ्या. आतल्या रचनेशी मात्र तडजोड नको.

आत काही नको

नवख्यांची सर्वांत मोठी चूक लाजेपोटी होते: पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र. त्याची शिवण नेमकी जांघेतून जाते आणि सुती कापड घाम धरून ठेवतं. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच निष्फळ. पॅड थेट अंगाला लागायला हवा. पल्ला मोठा असेल तर कातडीवर क्रीमचा पातळ हात फिरवावा. व्हॅसलिननं घर्षण कमी होतं, पण ते कापडातून लवकर निघत नाही.

दुसरी चूक राइड संपल्यावरची. घामानं चिंब शॉर्ट्सवर तासभर मिसळीच्या दुकानात गप्पा रंगतात, आणि तेवढ्यात जांघेत पुळ्यांची व गजकर्णाची तयारी होते. पिशवीत एक सुटी हाफपँट ठेवावी. खाज सुटलीच तर मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून चोळू नये. तिनं आग थांबते, पण बुरशी आत पसरते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

शॉर्ट्स दर वेळी धुवायची: उलटी करून, सौम्य साबणात, सॉफ्टनरशिवाय, कारण सॉफ्टनरचा थर बसला की कापड घाम ओढेनासं होतं. पिळायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सावलीत वाळवायची. जुलै-ऑगस्टमध्ये पॅड दोन-दोन दिवस दमट राहतो. त्यामुळे आठवड्यात दोन-तीनदा बाहेर पडणाऱ्यानं एक भारी जोडी घेण्यापेक्षा दोन मध्यम जोड्या घ्याव्यात.

दुखणं कुठं, दोष कुठं

सगळ्या दुखण्यांचं खापर शॉर्ट्सवर फोडू नये. नव्यानं सायकल चालवणाऱ्याची बसायची हाडं पहिले दोन-तीन आठवडे दुखतातच, ती सवयीनं तयार होतात. एकाच बाजूला सोलवटत असेल तर सीट बहुधा उंच आहे आणि कंबर डावी-उजवीकडे डोलते आहे. मांडीच्या आतल्या बाजूला काचत असेल तर सीट रुंद असेल किंवा कापडाला चुणी पडत असेल. दोन्ही हाडांवर ठणका राहत असेल आणि सीटची रुंदी बरोबर असेल, तर फोम बसला आहे. पॅड दाबून सोडला आणि तो वर आला नाही, किंवा मागून येणाऱ्याला कापडातून आरपार दिसू लागलं, की त्या शॉर्ट्सचे दिवस भरले.

पुढच्या भागाला मुंग्या येणं किंवा बधिरता मात्र अंगावर काढू नये. तिथून नस आणि रक्तवाहिनी जातात आणि सीटचं नाक त्यांना दाबतं. अमेरिकेत नायॉश या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीट वापरायला दिल्या. २००८ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात बधिरतेच्या तक्रारी बऱ्याच घटलेल्या दिसल्या. तिथे बदलली होती सीट, पँट नव्हे. म्हणून अशा वेळी आधी सीट सपाट आहे का, नाक वर तर झालं नाही ना, हँडल फार खाली किंवा लांब तर नाही ना, हे पाहावं. तरीही बधिरता गेली नाही तर डॉक्टर गाठावा.

सुधारणा करताना एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी सीटची उंची आणि कल, मग सीटची रुंदी, आणि शेवटी शॉर्ट्स. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन राइड जाऊ द्या. सगळं एकदम बदललं तर आराम कशामुळे पडला ते कळत नाही, आणि पुढच्या खरेदीला अंगठा पुन्हा जाड पॅडच शोधत राहतो. आणि नवी शॉर्ट्स पहिल्यांदा बीआरएमच्या दिवशी घालू नका. आधी ५०-६० किलोमीटर तिला घराजवळच फिरवून आणा.